मिस्त्रीची मजुरी कार्डावर

लातुरात मिस्त्री कार्ड घेत नाही. त्याच्याकडे मोबाइल असतो, मोबाइलवर पैसे घ्यायला तो तयारही असतो, पण मोबाइलवरून जातात ते खात्यातले पैसे. खातं रिकामं असेल आणि जे काही आहे ते कार्डावरच असेल, तर मधे एक माणूस लागतो. माझ्यासाठी तो माणूस म्हणजे आमच्या कॉलनीच्या तोंडाशी असलेले हार्डवेअरवाले शेठ.

पद्धत अशी होती. काम संपलं की मिस्त्री हातपाय धुवायचा, मी स्कूटर काढायचो आणि तो मागे बसायचा. दुकानात शेठ बिल करायचे. खरंच आणलेले पाईप, एल्बो, सॉकेट त्यात असायचेच. त्यांच्या खाली मिस्त्रीची मजुरीही मालाच्या नावानं चढायची, वर शेकड्यामागे दोन रुपये शेठचे. कार्ड घासलं की शेठ गल्ल्यातून मजुरीच्या नोटा काढून माझ्या हातात द्यायचे आणि मी त्या मिस्त्रीच्या हातात. शेठनी सरळ त्यालाच दिल्या असत्या तरी चाललं असतं, पण ते तसं करायचे नाहीत. "तुमच्या हातानं द्या सर, तुमचा मान आहे," म्हणायचे. त्या बिलांवर विश्वास ठेवला तर माझ्या घरात विटांपेक्षा पाईप जास्त निघतील.

मी ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवतो. लातुरात हे सांगताना थोडं ओशाळायला होतं. इथे गावोगावची मुलं येतात ती डॉक्टर व्हायला. फिजिक्स, बायोलॉजी शिकवणाऱ्यांचे चेहरे चौकाचौकात फलकांवर असतात. भूगोलाची शिकवणी लावायला कुणी येत नाही. त्यात आमची तुकडी अंशतः अनुदानित, म्हणजे पगार अर्धामुर्धा आणि तोही येईल तेव्हा. म्हणून कर्ज काढून घरावर मजला चढवला, वर चार खोल्या काढल्या आणि क्लाससाठी आलेल्या मुली ठेवायला लागलो. कुणी लोह्याकडची, कुणी नायगावची, कुणी देवणीची. जेवण माझी बायको करायची.

खोल्या काही फार मोठ्या नव्हत्या. मुलींच्या वडिलांना आवडायचं ते एवढंच, की खाली सर राहतात. गावी परत गेल्यावर ते लोकांना सांगायचे, पोरगी सरांच्या घरी हाय. होस्टेलवर आहे असं म्हणायचे नाहीत. मला ते ऐकायला आवडायचं. वर्गात ज्याचं कुणी फारसं ऐकत नाही त्या माणसाला असं काही ऐकायला मिळालं की तो त्याच्यावर बरेच दिवस काढतो.

जूनमध्ये मुली येतात तेव्हा डिपॉझिट येतं. मेमध्ये परीक्षा आटोपून जातात तेव्हा ते परत द्यायचं असतं. हे पैसे आपले नाहीत, फक्त सांभाळायचे आहेत, हे मला समजत होतं. पहिल्या वर्षी मी ते वेगळे ठेवलेही. दुसऱ्या वर्षी भर उन्हाळ्यात बोअरची मोटार जळाली. त्याच्या थोडे दिवस आधी बँकेतली एक मुलगी आमच्या स्टाफरूममध्ये येऊन सगळ्यांचे फॉर्म भरून घेऊन गेली होती आणि नवं कोरं कार्ड कपाटात पडून होतं. ते काढलं. मोटार आली, पाणी चढलं, मुली न्हाल्या. खिशातून काही गेल्यासारखं वाटलंच नाही.

मग टाकीला तडा गेला. मग गिझर. मग खालच्या हौदात ड्रेनेजचं पाणी मुरायला लागलं. प्रत्येक वेळी मी बायकोला म्हणायचो, आता हे अचानकच आलं, काय करणार. ती एकदा म्हणाली, "अहो, आठ पोरी वर राहतात, बोअरचं पाणी असं की भांड्यावर पांढरं पुट चढतंय. यात अचानक काय आहे?" आम्ही दोघंही नांदेडचे, गोदावरीकाठच्या गल्लीत वाढलेलो. पाण्यामुळे पाईप बुजतात, नळ झिजतात, हे आम्हाला लातुरात येऊन कळलं. तिला लगेच कळलं, मला उशिरा.

कार्डाचं बिल आलं की मी मिनिमम भरायचो. उरलेलं जूनमध्ये नव्या मुलींचं डिपॉझिट आलं की त्यातून. मेमध्ये जुन्या मुलींचं डिपॉझिट द्यायची वेळ आली की शेठकडे जाऊन कार्ड घासून रोख घ्यायची. हे चक्र मी दोन वर्षं फिरवलं. कुणाचा रुपया बुडवला नाही, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि ते खरंही होतं. फक्त मेच्या आधी कुणी जायला नको होतं.

गेल्या पावसाळ्यानंतर लोह्याजवळच्या एका खेड्यातली मुलगी आमच्याकडे राहत होती. बारावी झालेली, डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेत मार्क कमी पडले म्हणून पुन्हा एक वर्ष तयारीला आलेली. वडिलांची पिठाची गिरणी आणि थोडी शेती. मुलगी फार बोलायची नाही. ताट घेऊन बसायची, अर्धी भाकरी खायची, ताट घासून ठेवायची. दिवाळीला गावी गेली ती आठवड्याऐवजी बरेच दिवस राहिली आणि आईनं समजावून परत पाठवली. संक्रांतीनंतर ती स्वयंपाकघरात बायकोजवळ बसायला लागली. बायको मेथी निवडायची, तीही निवडायची.

"काकू, माझ्या डोक्यात काहीच शिरत नाही. मी नुसती वही उघडून बसते," असं तिनं एकदा सांगितलं. बायकोनं विचारलं, "मग काय करायचंय तुला?" ती म्हणाली, "घरी जायचंय." पुढे काय, हे तिला माहीत नव्हतं. कॉलेजला नाव घालीन, कॉम्प्युटर शिकीन, काहीही. आधी घरी.

बायकोनं हे मला सांगितलं तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. "होतं असं," मी म्हणालो. "होतं असं नाही," ती म्हणाली. "ती पोरगी राहायची नाही. तिचा बाप येईल. तुम्ही तयारीत राहा." तयारीत म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक होतं. मी पेपराचं पान उलटलं.

त्याच दिवसांत स्वयंपाकघराच्या स्लॅबवर ओल आली. आधी पापडाएवढी, मग परातीएवढी, मग थेंब पडायला लागले, नेमके गॅसच्या ओट्यावर. बायकोनं शेगडी कोपऱ्यात सरकवली आणि म्हणाली, "आता रस्सा करायला वेगळं पाणी नको." मी मिस्त्रीला फोन केला.

हा मिस्त्री वयानं माझ्याएवढा, बडबड्या, तोंडात कायम सुपारी. त्यानं वर जाऊन बाथरूमच्या फरशीवर हातोडा वाजवून बघितला, कान लावला, आणि दाराजवळची जागा दाखवून म्हणाला, "हितं हाय." फोडलं. खाली भराव कोरडाठाक.

"मिस्त्री, हितं तर काही नाही," मी म्हणालो.

"न्हाई ना. दिसायलंय मला."

"मग पाणी कुठून येतंय?"

"तेच शोधायलोय की सर. पाण्याला काय पत्ता सांगून यायची सवय हाय का?"

मग त्यानं पलीकडचा कोपरा फोडला. तिथे नहाणी ट्रॅपचा जॉइंट सुटला होता आणि ट्रॅपमध्ये केसांचा असा बोळा अडकला होता की तो हातानं ओढून काढावा लागला. तो त्यानं काठीवर धरून जिन्यातून मला दाखवला. "सर, याचं गंगावन करून इकलं तर माझी मजुरी निघंल." वरच्या मुली गॅलरीत उभ्या होत्या, त्या हसल्या. ती मुलगीही हसली. बऱ्याच दिवसांनी मी तिला हसताना बघत होतो.

आता दोन ठिकाणची फरशी बदलायची, नवा ट्रॅप, पाईप, मजुरी वाढली. पूर्वी, खिशातून पैसे जायचे तेव्हा, मी म्हणालो असतो की चुकीचं फोडलंस ते तुझं तू बघ. कार्ड आल्यापासून मी भांडणं सोडून दिलं होतं. भांडलं काय, न भांडलं काय, बिल पुढच्या महिन्यात.

शनिवारी अर्ध्या कामाची मजुरी द्यायला आम्ही शेठकडे गेलो. शेठनी कार्ड घासलं. मशीननं थोडा वेळ विचार केला आणि नाही म्हणालं. शेठनी पुन्हा घासलं. पुन्हा नाही. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. शेठ चांगले माणूस, हळूच म्हणाले, "सर्व्हर डाऊन असंल, सर."

मिस्त्री सुपारी चघळत म्हणाला, "सर्व्हर न्हाई शेठ, सर डाऊन झालेत."

गिऱ्हाइकं हसली, मीही हसलो. मला मशीनच्या आधीच माहीत होतं. आदल्या रात्री बँकेचा मेसेज आला होता, लिमिट संपल्याचा. तरी मी कार्ड पुढे केलं होतं, जसं नापास झालेलं मूल निकाल लागायच्या दिवशी तरीही शाळेत जातं तसं. मिस्त्रीला मी सोमवारी बघू म्हणालो. घरी आलो तर बायको म्हणाली, "मुलीच्या वडिलांचा फोन होता. उद्या येताहेत."

रविवारी सकाळच्या गाडीनं ते आले. उंच, पांढरा शर्ट, हातात नव्या ज्वारीच्या पिठाची पिशवी. ती त्यांनी बायकोकडे दिली. "मॅडम, ताजं दळलंय. भाकरी मऊ होती." मग माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसले. वर मिस्त्रीचा हातोडा चालू होता, त्यामुळे आम्हाला मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि नाजूक गोष्ट मोठ्यानं बोलायची म्हणजे दोघांचंही अवघडलेपण वाढत होतं.

"सर, लेकरू लई दिवसांपासून फोनवर रडायलंय," ते म्हणाले. "तिची आई म्हणली, सरांला इचारून या. सर म्हणले तर घेऊन या, न्हाई म्हणले तर राहू द्या."

"हं," मी म्हणालो.

"क्लासची फी तर भरली. ती काय परत येत न्हाई. तुमचं डिपॉझिट तेवढं भेटलं तर तिला तिकडं लोह्याला कॉम्प्युटरच्या क्लासला घालावं म्हणतोत. तुमी काय म्हणता?"

मुलगी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभी होती. पाठीवर सॅक होती. तिनं सामान बांधून ठेवलं होतं हे मला तेव्हाच दिसलं.

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण मी ते वर्गात बोलतो तसं बोललो. आवाजही तोच. म्हणालो, "हे बघा, शेवटच्या महिन्यांत सगळ्यांनाच असं होतं. मी किती मुली बघितल्यात. आता नेलीत तर अख्खं वर्ष वाया जाईल, आणि पुढे तीच तुम्हाला म्हणेल की पप्पा, तेव्हा मला का नेलंत. थोडे महिने राहिलेत. राहू द्या."

यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या मुलीच्या बाबतीत खरं झालेलं मी पाहिलेलं होतं. म्हणूनच ते इतकं सहज तोंडातून आलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग हात जोडले. "तुमी म्हणता म्हंजे झालं." मुलीकडे वळून म्हणाले, "ऐकलंस का बाई, सर काय म्हणतायत? राहा. मी पंधरा दिवसांनी येतो बघायला." तिनं मान हलवली. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, आणि रडली असती तर कदाचित मी तिथंच बदललो असतो, असं मी नंतर स्वतःला सांगून बघितलं. ती वळली आणि फोडलेल्या फरशीचे तुकडे ओलांडत सॅक घेऊन वर गेली.

वडिलांनी पोहे खाल्ले. गंजगोलाईच्या गोल बाजारात गिरणीचा पट्टा घ्यायचाय, मग दुपारच्या गाडीनं जातो, असं सांगून निघाले. गेटपर्यंत मी सोडायला गेलो.

परत आलो तेव्हा बायको ते पीठ डब्यात भरत होती. मान वर न करता म्हणाली, "आत्ता कोण बोललं हो? सर बोलले का घरमालक?"

मी म्हणालो, "वर्ष वाया जाईल हे खोटं आहे का?"

"मला काय माहीत खरं का खोटं. कार्डावर पैसे असते तर काय बोलला असता, तेवढं सांगा."

वर हातोडा थांबला होता. मिस्त्री पाणी मागत होता. बायको तांब्या घेऊन गेली आणि मी तिथंच पिठाच्या डब्यापाशी उभा राहिलो. पैसे असते तर मी म्हणालो असतो, न्या तिला, चेहरा बघा तिचा. हे मला शोधावं लागलं नाही. उत्तर तयार होतं, सकाळपासून तयार होतं. मी ते बाजूला ठेवून दुसरं दिलं होतं. आजवर मी कार्ड घासून पाईपच्या नावावर मजुरी लपवत होतो. आज सरांच्या नावावर डिपॉझिट लपवलं होतं, आणि भरणार होती ती मुलगी.

स्कूटर काढून गोलाईत गेलो. रविवारची गर्दी होती. गोल फिरत प्रत्येक गल्लीत डोकावत होतो, आणि मनात कुठेतरी असंही होतं की ते सापडू नयेत. ते सापडले. पट्ट्यांच्या दुकानात घासाघीस करत होते. एक पट्टा खांद्यावर टाकलेला, दुसरा हातात धरून ताणून बघत होते. मला बघून त्यांना आनंद झाला. "सर, तुमी? काय राहिलं का माझं?"

मी त्यांना बाजूला यायला सांगणार होतो, पण बाजूला जागाच नव्हती. म्हणून दुकानदाराच्या समोरच सांगितलं. "डिपॉझिट माझ्याकडे नाही. घराच्या कामात खर्च झालं. कार्डही संपलंय. आज तुम्ही मुलगी नेली असती तर मला पैसे देता आले नसते. म्हणून मी ठेवा म्हणालो."

त्यांना ते पटकन कळलं नाही. पट्टा खाली ठेवून त्यांनी विचारलं, "म्हंजे पैसे न्हाईत म्हणून?"

"हो."

"आन् ते वर्ष वाया जाईल म्हणलात, ते?"

"ते मला माहीत नाही."

"तुमी तर लई पोरी बघितल्या म्हणलात."

"बघितल्यात. काहींचं झालं, काहींचं नाही झालं. तुमच्या मुलीचं काय होईल ते मला सांगता येत नाही."

त्यांनी खाली ठेवलेला पट्टा पुन्हा उचलला. दुकानदार नसलेली धूळ झटकत होता. मग ते बोलले, आणि आता त्यांच्या आवाजात चीड होती. "मी तिच्या आईला फोन करून बसलो. सर म्हणले राहू दे, म्हणून. ती म्हणली, सर म्हणले तर राहू दे. आता तिला काय सांगू?"

"सांगा की सर खोटं बोलले."

"असं कसं सांगावं?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी आता दुसरी चूक करत होतो. "गावात समद्यांला सांगून ठेवलंय, पोरगी सरांच्या घरी हाय. आता सांगत फिरू का, सर खोटं बोलायलेत? मग लोक म्हणतील, तू पोरगी कुठं ठेवली होतीस?"

आपला शब्द आपण मागे घेऊ शकतो, असं समजून मी आलो होतो. तो शब्द एव्हाना लोह्यापर्यंत गेला होता आणि त्यावर त्यांचीही अब्रू उभी होती. मी एवढंच विचारलं, "मुलीला विचारलंत का तुम्ही?"

"तिला काय इचारायचं? लेकरू हाय."

"एकदा विचारा."

त्यांनी पट्ट्याचे पैसे दिले, शेवटचे दहा रुपये कमी करून घेतलेच, पट्टा खांद्यावर अडकवला आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. चौकात पट्ट्याचं टोक माझ्या मानेला लागत होतं, ते ते धरून ठेवत होते.

घरी आल्यावर त्यांनी मुलीला हाक मारली. ती खाली आली, जिन्याच्या पायरीवर बसली आणि तेही दोन पायऱ्या खाली बसले. मी थांबावं का जावं, मला कळेना. बायकोनं दारातून खूण करून मला आत बोलावलं. "तुम्ही तिथं उभे राहिलात तर ती काय बोलणार?" म्हणाली. मी आत स्वयंपाकघरात गेलो. स्लॅबमधून पाणी ठिबकायचं थांबलं होतं.

बाहेरून त्यांचा आवाज आला. "सरांचं सोड. आईचं बी सोड. तुला काय वाटतंय?"

वर मिस्त्री घमेलं ओढत होता. मग ती म्हणाली, "मला यायचंय, पप्पा."

"डॉक्टर न्हाई व्हायचं?"

"नाही."

"आधी का न्हाई सांगितलंस मग?"

"सांगत होते की. तुम्ही म्हणायचात सरांला विचारू."

ते पायरीवरून उठल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बरं. आवर."

तिची पत्र्याची पेटी वरून उतरवायला मिस्त्रीनं हात लावला. पायरीवर पेटी टेकवून त्यानं मला विचारलं, "सर, उद्या मशीन चालंल का?"

"नाही चालणार. पगार झाला की रोख देतो."

"मग तसं कालच म्हणायचं न्हाई का. उगं शेठच्या दुकानात उभं केलं." थोडा विचार करून म्हणाला, "तवर ते काढलेले पितळी नळ नेऊ का मी?"

"ने."

"आन् चुकीचं फोडलेलं धरू का मजुरीत?"

"नाही," मी म्हणालो. तो हसला आणि पेटी उचलली. कित्येक दिवसांत मी कुणाला पैशासाठी नाही म्हणालो नव्हतो.

निघताना वडिलांनी हात जोडले नाहीत. "डिपॉझिट कधी देता?" त्यांनी विचारलं.

"पगाराची थकबाकी यायची आहे. आली की लगेच."

"महिना सांगा, सर."

"मार्च."

"मार्चमधी फोन करीन मी." त्यांनी ते तक्रार म्हणून सांगितलं नाही, की माफ केल्यासारखंही नाही. एवढंच, की फोन येईल.

ते दोघं ऑटोनं गेले आणि पेटी मी स्कूटरवर पुढे ठेवून स्टँडवर नेली. गाडी लागलेली होती. वडील जागा धरायला आत चढले आणि मुलगी पेटीजवळ माझ्याशेजारी उभी राहिली. मला तिच्याशी काहीतरी बोलायचं होतं. सकाळी जे बोललो त्याबद्दल. पण वीस-बावीस वर्षं शिकवून मला मुलांशी बोलायच्या फक्त दोन पद्धती येत होत्या, सांगायचं आणि समजावायचं, आणि आता दोन्ही नको होत्या. तीच म्हणाली, "सर, माझी बादली वरच राहिली."

"आणून देऊ का? गाडी सुटायला वेळ आहे."

"नको. नव्या मुलीला होईल." मग म्हणाली, "काकूंना सांगा, मी पोचल्यावर फोन करते."

आतून वडिलांनी हाक मारली. ती चढली, खिडकीशी बसली आणि लगेच बापाच्या खांद्याला डोकं टेकवून तिनं डोळे मिटले. इतक्या लवकर, जणू गाडी हलायचीही तिला वाट बघायची नव्हती.

घरी आलो तेव्हा बायको वरची खोली झाडत होती. बादली भिंतीशी पालथी होती, त्यावर मग. मी सांगितलं, "नव्या मुलीला होईल म्हणाली."

बायकोनं केरसुणी टेकवून ठेवली. "नायगावचे एक जण विचारत होते खोलीला," ती म्हणाली. "आपलं बाथरूमही आता होतच आलंय. डिपॉझिट लगेच देतात म्हणे."

ते पैसे आले तर लोह्याला उद्याच पाठवता येतील, मिस्त्रीलाही देता येतील, कार्डाचं मिनिममही भरता येईल, हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात मांडून झालं. आणि मग मेमध्ये नायगावच्या मुलीला कुठून द्यायचे, तेही.

"मार्चपर्यंत ही खोली रिकामी राहू दे," मी म्हणालो. "आधी लोह्याचे पैसे जाऊ देत."

"निभेल का?"

"नाही निभणार बहुतेक."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग खिडकी लावून घेतली. "मग उद्या नायगावला तुम्हीच फोन करा," ती म्हणाली. "आणि जागा नाही असं सांगू नका. जागा आहे, पण देत नाही, असं सांगा."